जळकोटची म्हैस

मच्छिंद्रनं बाभळीची काठी चाकोरीवर आडवी टाकली, उकिडवं बसून एक डोळा मिटला आणि चाकूनं काठीवर खाच पाडली. मग वीस पावलं पुढं जाऊन पुन्हा तेच केलं. लोहाऱ्याकडच्या त्या काळ्या रानातून बैलगाड्यांनी वर्षानुवर्षं दोन खोल पन्हळी पाडल्या होत्या. पावसाळ्यात त्यांत गुडघाभर चिखल साचायचा आणि उन्हाळ्यात त्यांच्या कडा दगडासारख्या व्हायच्या. जीप आणली की तिचं एक चाक पन्हळीत उतरायचं, दुसरं वरंब्यावर राहायचं आणि दहा हातांवर ती कलंडायची.

तिथल्या दूध सोसायटीचा सचिव गोरोबा छत्री उघडून त्याच्या मागोमाग चालत होता.

"पट्टी न्हाय का तुमच्याकडं? इंच-फुटाची?"

"हाय की. पर पट्टीवरलं माप मानूस इसरतो. काठी भिंतीला हुबी ऱ्हाती, रोज डोळ्यांपुढं."

गोरोबानं मान डोलावली. मग म्हणाला, "आमाला तीन गाड्या पायजेत. पावसाळ्यात चार-चार दिस दूध गावातच नासतंय. बाया घागरी नाल्यात रित्या करतात, बघवत न्हाय. पर एक कानावर आलंय. पुण्याची कंपनी तुमाला इकत घ्यायलीय म्हणं."

"इकत घ्यायला मी काय बाजारात दावणीला हुबा हाय व्हय?"

गोरोबा हसला, पण मुद्दा त्यानं सोडला नाही.

"उद्या एक्सल मोडला तर आमी कुठं जायचं? पुण्याला? तुमी जळकोटातच ऱ्हाणार आसाल तर सोसायटीचा ठराव झाला म्हणून समजा. येवढं एकच सांगा."

मच्छिंद्रनं काठीवरची माती अंगठ्यानं पुसली. गिअर, वजन, चढ, चिखल, कशाबद्दलही विचारलं असतं तरी त्याच्याकडं उत्तर तयार होतं.

"आठ दिसांत सांगतो," तो म्हणाला.

तो जी गाडी बनवायचा तिला कागदोपत्री नाव नव्हतं. कागद जुन्या जीपचे असत आणि लोक तिला म्हैस म्हणत. हे नाव पडलं बहात्तरच्या दुष्काळात. मच्छिंद्र तेव्हा लष्कराच्या वाहन-दुरुस्तीच्या नोकरीतून नुकताच सुटून जळकोटला परतला होता. गावापासून दोन कोसांवर खडी फोडायचं केंद्र सुरू झालं होतं. हजारभर माणसं उन्हात दगड फोडत होती आणि पाण्याचा टँकर नाल्याच्या अलीकडंच रुतून बसत होता. हमरस्त्याला लागून हणमंतप्पाचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्यानं लिलावातून लष्कराची एक मोडकी जीप भंगाराच्या भावात आणून टाकली होती. तिच्याभोवती तीन चकरा मारून मच्छिंद्र म्हणाला होता, "आप्पा, हिला कापू नका. हिचा एक्सल तेवढा कापू."

दोघांनी मिळून एक्सल मधोमध कापला, बैलगाडीच्या चाकोरीएवढा रुंद केला आणि पुन्हा जोडला. खालचा गिअर आणखी जड केला. मागं पाण्याची चार पिंपं बांधली. काळी, बुटकी, मान खाली घातलेली ती गाडी चिखल तुडवत केंद्रावर पोचली तेव्हा खडी फोडणारी एक म्हातारी ओरडली होती, "आली बघा म्हैस, पानी घिऊन!"

त्याला आता बारा वर्षं झाली होती. चौतीस म्हशी जळकोटच्या त्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर पडल्या होत्या आणि त्यांतल्या कोणत्याही दोन एका मापाच्या नव्हत्या. कळंबच्या बाजूची चाकोरी वेगळी, सीमेकडची वेगळी. ज्या गावाची म्हैस, त्या गावाच्या वाटेवर चालणारी. सगळी गाडी तोलून धरायची ती एक्सलच्या त्या एका जोडानं. उतारावर तो उकलला तर माणसं जिवाला मुकली असती. एकदाही तसं झालं नव्हतं.

जोड हणमंतप्पाचा. अलीकडं दोन वर्षांपासून तो जोड मारायला मागच्या खोलीत जाई आणि दाराला पत्रा लावून घेई. "कुणी आत आलं की चित्त हलतंय," म्हणायचा. मच्छिंद्रनं त्यावर कधी प्रश्न केला नाही. कसबी माणसाच्या तऱ्हा सांभाळाव्यात, हे तो फौजेत शिकला होता.

लोहाऱ्याहून परतल्यावर त्यानं काठी भिंतीला लावली आणि गोरोबाचं म्हणणं हणमंतप्पाला सांगितलं. आप्पा बाजेवर बसून कान देऊन ऐकत होता.

"इकून टाकू, मच्छिंद्र," तो शांतपणे म्हणाला.

मच्छिंद्रला वाटलं आपल्या कानांची चूक झाली.

"काय म्हणलाव?"

"कंपनी मोठी हाय. तुला सुपरवायझर करत्यात. पोरांच्या शाळा व्हतील. आपल्यासारख्यांनी कुठवर ओढायचं? सोलापूरच्या माणिकप्पानं तीनचाकी काडली, चार वर्षं जोरात चालली. शेवटी इकलीच न्हवं?"

"आन त्येच्या शेडमदी आता शिमिटाची पोती हायती. त्येची तीनचाकी कंपनीनं एकबी काडली न्हाय."

"मग काय झालं? मानूस सुखानं झोपतोय की."

मच्छिंद्र उठून पाण्याच्या माठाकडं गेला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बसवेश्वरांचा फोटो शेजारी शेजारी लावलेला होता. दोन्ही फोटोंची चौकट एकाच सळईची, हणमंतप्पानंच वाकवलेली. बारा वर्षांत हा माणूस कधी थकलो म्हणाला नव्हता.

गुरुवारी पुण्याचे इंजिनिअर देवस्थळी आले ते बुटांना शेण लावूनच. स्टँडवर उतरून त्यांनी पानवाल्याला विचारलं होतं, जळकोटची प्रसिद्ध म्हैस कुठं बघायला मिळेल. पानवाल्यानं त्यांना सरळ गुरांची दलाली करणाऱ्या एका हेड्याच्या गोठ्यात पाठवलं. तिथं त्यांना तीन म्हशींचे दात दाखवण्यात आले.

"तिसरी खरंच चांगली होती," बूट दगडावर घासत देवस्थळी म्हणाले. "आता तुमची दाखवा."

माणूस मोकळा होता. साठीकडं झुकलेला, बारीक अंगाचा. म्हैस नाल्यात घातली तेव्हा तो मागं पिंपाला धरून उभा राहिला. पलीकडच्या दरडीवर ती चढू लागली तशी टोपी काढून त्यानं छातीशी धरली आणि वर पोचल्यावर लहान मुलासारखा म्हणाला, "पुन्हा एकदा!" पुन्हा एकदा झाल्यावर तो शेडमध्ये आला, कोट खुंटीला अडकवला आणि तयार होत आलेल्या दुसऱ्या गाडीखाली पाठ टेकून सरकला. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला.

"हा एक्सलचा जोड कुणाचा?"

"आमच्या आप्पांचा," मच्छिंद्र म्हणाला.

"आणि मघा ज्या गाडीत बसलो तिचा? ती जुनी दिसते."

"त्योबी त्येंचाच. सहा वर्षं झाली त्याला."

देवस्थळी बाहेर आले. पाठीची माती न झटकताच हणमंतप्पासमोर उभे राहिले. "तो जोड उत्तम आहे. पण हा त्याहून सरस आहे. माणसाचा हात उतारवयात सुधारलेला मी पहिल्यांदा पाहतोय. मला एक तुकडा जोडून दाखवाल?"

हणमंतप्पानं उपरण्यानं तोंड पुसलं. "आज करंट कमी हाय, साहेब. रॉडबी दमट झाल्यात."

डोक्यावरचा दिवा चांगला लख्ख जळत होता. मच्छिंद्रनं वर पाहिलं आणि मग आप्पाकडं पाहिलं. आप्पा दुसरीकडंच पाहत होता.

"हरकत नाही. मी नळदुर्गला मुक्कामाला आहे. उद्या सकाळी कागद घेऊन येतो, तेव्हा दाखवा," देवस्थळी म्हणाले.

ते गेले. गावात आठवडी बाजार होता, म्हणून शेडमधले दोघे कामगारही पिशव्या घेऊन निघून गेले. हणमंतप्पानं चहाची किटली आणली. दोघं बाजेवर बसले. हमरस्त्यानं एक ट्रक गेला, त्यामागून एसटी गेली. मच्छिंद्रनं बशीत चहा ओतला आणि बशी तोंडाला लावली, तोच शेडच्या मागल्या बाजूनं ओळखीची कडकड ऐकू आली. पत्र्याच्या फटीतून निळा उजेड लपलपला.

मच्छिंद्रची बशी तशीच राहिली. त्यानं शेजारी पाहिलं. हणमंतप्पा शेजारी होता. दोन्ही हातांनी कप धरून.

"आप्पा, तुमी हितं हाव."

"हौदु," हणमंतप्पानं कानडीत होकार पुटपुटला.

"मग आत कोण हाय?"

मच्छिंद्र उठला आणि मागं जाऊन पत्रा सारला.

नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, बांगड्या कोपरापर्यंत वर चढवून त्यांवर चिंधी बांधलेली, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. एक्सलवर वाकलेली बाई जराही दचकली नाही.

"रॉड संपू दे, तम्मा. मदी सोडला तर जोडात भोक पडतंय."

आवाज इरम्माचा होता, आप्पाच्या बायकोचा. धाकटा भाऊ मानून ती मच्छिंद्रला तम्मा म्हणे. मच्छिंद्रनं डोळ्यांवर हात धरला आणि तिथंच थांबला. रॉड संपला. इरम्मानं मुखवटा वर केला. घामानं तिचं कुंकू कपाळभर पसरलं होतं. हातोडीच्या टोकानं तिनं जोडावरची खपली झाडली. खाली चांदीच्या साखळीसारखा, एकसारख्या लाटांचा जोड चमकत होता.

"कवापासनं, अक्का?"

"दोन वर्षं व्हतील आता दसऱ्याला. ह्येंचं डोळं जळून गेल्यात त्या उजेडानं. समोरचा मानूस आवाजावरनं वळकतेत. एक दिस जोड वाकडा गेला, तवा म्या हात धरला. मग ह्ये बोलायचे आन म्या हात चालवायचा. आता बोलायबी लागत न्हाय." ती हसली. "वाकळंला टाका घालतो न्हवं, तसंच हाय. घाई केली की सुटतंय."

हणमंतप्पा भिंतीला हात लावत दारात आला होता.

"मला आंधळ्याला तू काय म्हणतोस त्येची भीती न्हवती," तो म्हणाला. "पर लोकांस्नी कळलं तर? बाईनं जोडल्याली गाडी म्हणतील. कोण बसंल तिच्यात? कळायच्या आत इज्जतीनं इकून मोकळं व्हावं, येवढंच मनात व्हतं."

"आन मला इचारलं व्हतं का कुणी?" इरम्मा म्हणाली. रागानं नव्हे, पण हातोडी अजून हातातच होती. "पन्नाशीत एक इद्या हाताला आली. सकाळी उठावंसं वाटतंय. आन ही दोघं मिळून ती इकाय निघालेत. म्हणून आज तुला ऐकू येईल आसाच रॉड लावला."

"म्या न्हाय, अक्का," मच्छिंद्र घाईनं म्हणाला. मग त्याला एकाएकी हसू फुटलं. गोठ्यातल्या तीन म्हशींनंतर दाटून राहिलेलं सगळं हसू त्यानं तिथंच, पत्र्याला धरून हसून घेतलं. हणमंतप्पाला तो का हसतो ते दिसेना, म्हणून आधी तो चिडला आणि मग त्याच्यासोबत हसू लागला.

सकाळी देवस्थळी आले तेव्हा शेडच्या पुढच्या अंगणात, उघड्यावर, वेल्डिंगचं यंत्र मांडलेलं होतं. दोघे कामगार तोंडं वासून एका बाजूला उभे होते. इरम्मानं दोन पट्ट्या जोडून दिल्या. देवस्थळींनी आधी तिच्याकडं, मग हणमंतप्पाकडं, मग मच्छिंद्रकडं पाहिलं. पट्टी निवल्यावर त्यांनी ती पकडीत आवळली आणि स्वतः घण घेतला. चौथ्या घावाला पट्टी वाकली, सहाव्याला दुमडून घोड्याच्या नालासारखी झाली. जोड तसाच होता. घण खाली ठेवून ते धापा टाकत म्हणाले, "बाई, हे आमच्याकडं चार जणांना जमत नाही."

मग बाजेवर बसून त्यांनी कागद वाचून दाखवला. गाडी पुण्याला बनणार. तिचं एकच माप राहणार, कारण कारखान्यात शंभर मापं चालत नाहीत. जळकोटची शेड बंद होणार. मच्छिंद्रला सुपरवायझरची जागा, हणमंतप्पाला ठरलेली रक्कम.

"आन मी?" इरम्मानं विचारलं.

देवस्थळींनी चष्मा काढला. ते खरोखर अवघडले होते. "आमच्या वर्कशॉपमध्ये बायका नाहीत. तशी पद्धतच नाही. हां, कँटीनमध्ये सोय करता येईल."

"कँटीनमदी काय असतंय?"

"जेवण बनवायचं असतं, कामगारांचं."

"म्हंजी भाकरी थापायला पुण्याला येऊ?" इरम्मा म्हणाली. "ते हितंबी येतंय की मला."

सगळ्यांत आधी हणमंतप्पा हसला. अगदी मोठ्यानं, डोकं मागं टाकून. हसता हसता त्याचे विझलेले डोळे पाण्यानं भरले. मग उपरण्यानं ते टिपून तो म्हणाला, "साहेब, च्या घ्या. लांबनं आलाव."

कागदाचा विषय त्यानंतर निघाला नाही. देवस्थळींनी तो घडी करून पिशवीत ठेवला आणि चहा घेतला. उठताना मच्छिंद्रला बाजूला घेऊन ते म्हणाले, "मी वाईट सांगत नाही. आज ना उद्या आमची अशी गाडी येईल. तुमच्यापेक्षा स्वस्त असेल. तेव्हा तुम्हाला कुणी विकत घ्यायलाही येणार नाही."

मच्छिंद्रलाही ते खरं वाटत होतं. रात्रभर त्याच्या मनात तेच येत होतं. पण सकाळच्या उन्हात, घणाचा आवाज कानांत ताजा असताना, ते तितकं जड वाटेना.

"येऊ द्या की, साहेब," तो म्हणाला. "आली तर दुरुस्तीला आमच्याकडंच येईल."

देवस्थळी हसले. ती दुमडलेली पट्टी त्यांनी रुमालात गुंडाळली. "ही नेऊ का? आमच्या लोकांना दाखवायची आहे."

"न्या," इरम्मा म्हणाली, "पर परत धाडा. लोखंड फुकट येत न्हाय."

त्याच दिवशी दुपारची एसटी धरून मच्छिंद्र लोहाऱ्याकडं गेला. गोरोबा सोसायटीच्या ओट्यावर दुधाचे कॅन उलटे घालत होता.

"आमी जळकोटातच ऱ्हाणार," मच्छिंद्रनं सांगितलं. "पर आनखी एक सांगायचं हाय. ते लपवून गाडी द्यायची न्हाय मला." आणि त्यानं जोड कोण मारतं ते सांगितलं.

"बाईमानूस?"

"व्हय."

"सोसायटीत सांगू का नको?"

"सांगा. मग करायचा तर ठराव करा."

पाच दिवस काहीच कळलं नाही. हणमंतप्पा रोज सकाळी विचारी, "लोहाऱ्याकडनं कोण आलं का?" आणि उत्तर ऐकून बाजेची सुतळी उगाच ताणत बसे. इरम्मा मात्र आपलं काम करत राहिली. आता तिनं दाराचा पत्रा काढून टाकला होता. हमरस्त्यानं जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघत आणि ती त्यांच्याकडं पाठ करून वाकलेली असे.

सहाव्या दिवशी भाड्याच्या जीपमधून गोरोबा उतरला. त्याच्या मागून चार बाया उतरल्या. पुढं होती ती बनाबाई, सोसायटीत सगळ्यांत जास्त दूध घालणारी, उंच, सुरकुतलेली, ताठ मानेची. तिनं कुणाला रामराम घातला नाही. सरळ आत गेली आणि इरम्माशेजारी भुईवर फतकल मारून बसली.

"ह्या म्हणाल्या, आधी डोळ्यांनी बघू," गोरोबा मच्छिंद्रच्या कानाशी कुजबुजला. "म्या काय करू?"

बनाबाईनं जोडावरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

"चुलीपुढं बसल्यावानी हाय का गं?"

"चुलीपरीस बरं," इरम्मा म्हणाली. "हितं फुकणी लागत न्हाय."

"दाव बरं कसं करतीस ते."

इरम्मानं आपला मुखवटा काढून तिच्या तोंडावर बसवला आणि स्वतः डोळे गच्च मिटून, मान फिरवून रॉड टेकवला. निळा उजेड उसळला. तीन बाया पदराआड झाल्या. बनाबाई मात्र काचेतून पाहतच राहिली. रॉड पुरता जळून गेला तरी तिनं मुखवटा काढला नाही.

"आगं बया," ती आतूनच म्हणाली. "लोखंड पाण्यासारखं वाहतंय की."

मुखवटा काढून तिनं तो मांडीवर धरला. शेवटी हणमंतप्पालाच राहवेना. भिंत धरून तो दोन पावलं पुढं आला.

"ठरावाचं काय म्हणताव, बाई?"

"ठराव? तो कवाच झाला, सोमवारी. आमीच हात वर केलं," बनाबाई म्हणाली. "आमी ह्येच्यासाठी न्हाय आलो. माझी धाकली सून लई धडपडी हाय. घरात तिला काम पुरत न्हाय. तिला शिकवशील का, येवढं इचारायला आले."

मागच्या बायांतली एक पुढं सरकली. "मलाबी बघू दे की त्यातनं," ती म्हणाली आणि मुखवट्याकडं हात केला. तिच्यामागून दुसरीचाही हात आला.

मच्छिंद्र बाहेर रस्त्यावर आला. सोलापूरला निघालेला ओळखीचा एक ट्रक हॉटेलासमोर उभा होता. ड्रायव्हर चाकाला लाथ मारून हवा बघत होता.

"सोलापूरास्नं वेल्डिंगची काळी काच आणशील का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"आणतो की. एकच न्हवं?"

आतून बायांचा हसण्याचा आवाज आला. मच्छिंद्रनं मागं वळून एकदा शेडकडं पाहिलं.

"चार आण," तो म्हणाला.